टर्बो ४०० पुन्हा बांधताना: जुन्या मोटरहोमचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलण्यापासून चालवून बघेपर्यंत

अमेरिकेत जुनं मोटरहोम कवडीमोलाने विकायला निघतं तेव्हा माझ्या पाहण्यात कारणं दोनच असतात. छतातून पाणी येतंय, नाहीतर गिअरबॉक्स बसलाय. छताचं दुखणं भिंती-जमिनीत पसरलेलं असतं, त्या वाटेला जाऊ नये. गिअरबॉक्सचं दुखणं एका जागी असतं. हाताने काम करायची सवय असेल, जागा असेल आणि घाई नसेल, तर ते घरच्या आवारात निस्तरता येतं. इथल्या मराठी मंडळींपैकी कुणी अशी गाडी घेतली की पहिला प्रश्न गिअरबॉक्सचाच येतो, म्हणून हे सगळं एका जागी लिहितो आहे.

लेख एका ठरावीक गिअरबॉक्सबद्दल आहे: जनरल मोटर्सचा टर्बो हायड्रामॅटिक ४००. १९६४ मध्ये तो कॅडिलॅक आणि ब्युइकमध्ये आला. पुढे शेवरलेच्या पी-३० चॅसिसवर (गाडीच्या खालच्या सांगाड्यावर), ४५४ घनइंची इंजिनामागे, १९७० आणि १९८०च्या दशकांतल्या कितीतरी मोटरहोममध्ये बसला. पुढचे तीन गिअर (२.४८, १.४८ आणि १.००). ओव्हरड्राइव्ह (हायवेसाठीचा वरचा गिअर) नाही. कन्व्हर्टरला, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे देणाऱ्या भागाला, लॉकअप (न घसरता थेट जोडणारी पकड) नाही. कॉम्प्युटर नाही. १९९१ पासून त्याच्या जागी आलेल्या ४एल८०ई मध्येही आतलं बरंचसं यंत्र हेच आहे, फक्त ओव्हरड्राइव्ह आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण वाढलं. १९७३ ते १९७८ च्या जीएमसी मोटरहोममधला टर्बो ४२५ सुद्धा याचाच भाऊ. तिथे मधे साखळी घालून तोच गिअरबॉक्स इंजिनाच्या बाजूला बसवला आहे. तुमच्या गाडीखाली तेरा बोल्टांचा, वेड्यावाकड्या आकाराचा ऑइल पॅन दिसला तर बहुधा तुमचा टर्बो ४०० आहे.

काम सुरू करण्याआधी एक गोष्ट पक्की करा. गिअरबॉक्स आपणहून जळत नाही. तेल कमी पडलं, तेल थंड करणारा कूलर तुंबला, सील कडक झालं, दाब गळला, असं काहीतरी आधी झालेलं असतं आणि क्लच प्लेट (एकमेकींवर दाबून फिरते भाग पकडणाऱ्या चकत्या) त्यानंतर जळतात. ते कारण सापडेपर्यंत नव्या प्लेट बसवू नका. कारण तसंच राहिलं तर नवा संचही त्याच वाटेने जाईल, आणि तेव्हा तुम्ही घरापासून लांब असाल.

खाली उतरवण्याआधी

डिपस्टिक काढा, तेल पांढऱ्या कागदावर टिपा. लाल आणि पारदर्शक असेल तर आशा आहे. तपकिरी आणि करपट वासाचं असेल तर क्लच गेले. दुधाळ गुलाबी असेल तर रेडिएटरच्या टाकीतला कूलर आतून फुटून कूलंट तेलात मिसळलंय. पाणी लागलं की फ्रिक्शन प्लेटवरचं कागदी अस्तर सुटायला लागतं, त्यामुळे अशा वेळी गिअरबॉक्स पूर्ण खोलायचा आणि रेडिएटरही बदलायचा. नुसतं तेल बदलून ते दुखणं जात नाही.

मग व्हॅक्यूम मॉड्युलेटर (इंजिनाच्या ओढीप्रमाणे तेलाचा दाब ठरवणारा भाग) बघा. उजव्या बाजूला मागे, डब्यासारखा छोटा भाग, त्याला इंजिनाकडून रबरी नळी येते. नळी काढल्यावर आत लाल तेल दिसलं तर त्याचा पडदा फाटलाय. मग इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढून जाळतं, खाली थेंब न पडता तेल कमी होत जातं आणि मागून पांढरा धूर येतो. नळी निघाली किंवा चिरली असेल तर गिअर उशिरा आणि धक्क्याने पडतात. दोन्ही दुरुस्त्या एका बोल्टच्या आहेत. यासाठी कुणी अख्खा गिअरबॉक्स खोललेला मला बघवत नाही. मॉड्युलेटर काढताना त्याच्यामागचा छोटा व्हॉल्व्ह घरंगळतो, तो जपा.

आता कुठला गिअर चालतो आणि कुठला नाही, ते लिहून काढा. इथेच निम्मं निदान होतं, कारण टर्बो ४०० मध्ये कुठल्या गिअरला काय पकडतं हे ठरलेलं आहे. पुढच्या तिन्ही गिअरना फॉरवर्ड क्लच लागतो. पहिल्याला त्याच्या जोडीला मागचा लो रोलर क्लच (एकाच दिशेने फिरू देणारा). दुसऱ्याला इंटरमीडिएट क्लच आणि त्याचा स्प्रॅग (हाही एकाच दिशेने फिरू देतो). तिसऱ्याला डायरेक्ट क्लच. रिव्हर्सला डायरेक्ट क्लच आणि मागचा बँड (फिरत्या ड्रमभोवती आवळणारा पट्टा).

यावरून वाचायचं. पहिला-दुसरा ठणठणीत, तिसऱ्यात इंजिन नुसतं रेस होतं आणि रिव्हर्सही कमजोर: डायरेक्ट क्लच. तिसरा चांगला, रिव्हर्स नाही, आणि लो मध्ये टाकून उतरताना इंजिन गाडी धरत नाही: मागचा बँड किंवा त्याला आवळणारा सर्व्हो. ड्राइव्हमध्ये गाडी जागची हलत नाही, पण लो मध्ये हलते: लो रोलर क्लच. पुढचं काहीच चालत नाही, रिव्हर्स मात्र चालतो: फॉरवर्ड क्लच. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना नुसतं न्यूट्रल: इंटरमीडिएट क्लच किंवा स्प्रॅग. काहीच हलत नाही: तेल, फिल्टर, पंप, या क्रमाने बघा. फिल्टरच्या नळीवरची ओ-रिंग जुनी झाली की पंप तेलाबरोबर हवा ओढतो, हेही विसरू नका.

डाव्या बाजूला दाब मोजायचं भोक आहे. तिथे ३०० पीएसआयपर्यंतचा (पाउंड प्रति चौरस इंच) गेज लावा. गरम गाडी, आयडल, ड्राइव्ह, व्हॅक्यूमची नळी जागेवर: ६० च्या आसपास किंवा वर दिसला पाहिजे. रिव्हर्समध्ये तो बराच चढतो. दाब चांगला असून एखादाच क्लच सुटत असेल तर गळती त्या क्लचच्या वाटेत आहे. सगळीकडेच दाब कमी असेल तर दोष पंप, फिल्टर किंवा प्रेशर रेग्युलेटरकडे.

काढताना

मोटरहोम पाच-सहा टनांचं असतं, म्हणून हा भाग मी पुन्हापुन्हा सांगतो. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) काढला की पार्कचा उपयोग संपला. पी-३० च्या जड गाड्यांमध्ये हँडब्रेकही प्रोपेलर शाफ्टवरच्या ड्रमवर असतो, म्हणजे तोही गेला. मागची चाकं दोन्ही बाजूंनी ठोकळे लावून बंद करा, सपाट काँक्रीटवरच काम करा, चॅसिसखाली वजनाला पुरतील असे स्टँड द्या. गाडी समपातळीत आणायचे जे हायड्रॉलिक जॅक मोटरहोमला असतात, त्यांच्या भरवशावर कधीही खाली शिरू नका.

भारतातून आणलेला पान्यांचा संच इथे बाजूला ठेवा. हे सगळे बोल्ट इंची आहेत. मिलिमीटरचा पाना लागल्यासारखा वाटतो आणि डोकी गोल करून ठेवतो.

बॅटरी सोडा. तेल काढा. प्रोपेलर शाफ्टचे तुकडे एकमेकांशी कसे जुळले होते ते रंगाने खुणा करून ठेवा, नाहीतर नंतर थरथर लागते. कूलरच्या नळ्या, मॉड्युलेटरची नळी, किकडाउनची (पेडल पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पाडणारी) एकच वायर, स्पीडोमीटरची केबल, गिअर लिंकेज सोडवा. बेल हाउसिंगच्या (गिअरबॉक्सचं इंजिनाला जोडणारं रुंद तोंड) वरच्या बोल्टना खालून हात पोचत नाही. त्यासाठी दोन सीटमधलं इंजिनाचं कव्हर उचलून आतून, लांब एक्स्टेन्शनने पोचा. कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेटवर (इंजिनामागची फिरती चकती) खूण करून मधले बोल्ट काढा. इंजिनाच्या मागच्या बाजूला आधार द्या, मग गिअरबॉक्स पेलणारा क्रॉसमेंबर सोडा.

नुसता गिअरबॉक्सच साठ किलोंचा, वर कन्व्हर्टर आणि उरलेलं तेल. ट्रान्समिशन जॅक भाड्याने मिळतो, तोच घ्या आणि साखळीने बांधा. तो सरळ मागे ओढा. कन्व्हर्टर पुढे निसटून पायावर पडू नये म्हणून पट्टी लावा.

खोलताना

आधी बाहेरून धुऊन घ्या. मग पॅन काढा आणि तळाशी काय साचलंय ते नीट बघा. करडी, मऊ पेस्ट थोडी असतेच. काळे पापुद्रे म्हणजे क्लच. पितळी चमक म्हणजे बुश किंवा थ्रस्ट वॉशर. लोखंडाचे तुकडे म्हणजे स्प्रॅग, बेअरिंग किंवा गिअरचे दात, आणि मग खर्चाचा अंदाज नव्याने करा.

फिल्टर, व्हॉल्व्ह बॉडी (तेलाच्या वाटा बदलून गिअर पाडणारा भाग), गव्हर्नरच्या (गाडीचा वेग ओळखणारा भाग) नळ्या, दोन्ही सर्व्हो काढा. व्हॉल्व्ह बॉडी उचलली की केसच्या (गिअरबॉक्सच्या बाहेरच्या कवचाच्या) वाटांमध्ये पोलादी गोळ्या दिसतील. हात लावण्याआधी फोटो घ्या. एक गोळी चुकीच्या खळग्यात गेली तर गिअर बदलण्याचं सगळं गणित बिघडतं.

गिअरबॉक्स तोंड वर करून उभा करा. पंप काढण्याआधी डायल गेजने टर्बाइन शाफ्टचा पुढे-मागे होणारा खेळ मोजून लिहा. तो ०.००३ ते ०.०२४ इंच असायला हवा. मागच्या युनिटचा खेळ ०.००७ ते ०.०१९ इंच. हे आकडे आत्ता हातात असले की वॉशर कुठल्या जाडीचे लागणार ते कळतं.

पंपाला ओढून काढायला दोन आटेवाली भोकं दिलेली आहेत, तिथे स्लाइड हॅमर लावा. पटाशीने उचकटू नका. त्यानंतर फॉरवर्ड क्लच, डायरेक्ट क्लच, पुढचा बँड, इंटरमीडिएटच्या प्लेट अशा क्रमाने सगळं वर येतं. इथे थांबा: सेंटर सपोर्ट (केसमधला मधला स्थिर आधार) निघण्याआधी खालच्या बाजूचा त्याचा बोल्ट काढावा लागतो. बारा कोनांच्या पातळ सॉकेटने निघतो. हा बोल्ट आतून पोकळ आहे, इंटरमीडिएट क्लचचं तेल त्यातूनच जातं. तो न काढता वर ओढलं तर केस तडकेल. बोल्ट आणि मोठी सर्कलिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) निघाली की आउटपुट शाफ्टसकट मागचा संच एकत्र उचलता येतो. सपोर्टच्या खाली साधारण एक मिलिमीटर जाडीची कडी केसला चिकटून राहते, ती शोधून बाजूला ठेवा.

निघालेलं सगळं निघाल्या क्रमाने स्वच्छ पुठ्ठ्यावर मांडा, तोंड कुठे होतं त्या खुणेसह.

डायरेक्ट क्लच

मोटरहोममध्ये सगळ्यात जास्त वेळा हाच जातो, आणि त्याचं कारण बघितलं की बाकी गिअरबॉक्स समजायला सोपा होतो. हायवेवर गाडी तासन्‌तास तिसऱ्यात असते. सगळा भार या पाच-सहा प्लेटवर. त्यांना दाबणाऱ्या पिस्टनला तेल मिळतं सेंटर सपोर्टमधून. सपोर्ट स्थिर, प्लेट धरणारा ड्रम फिरता, आणि दोघांच्या मधली गळती थांबवतात त्या सपोर्टवरच्या चार सीलिंग रिंग. त्यातच कारखान्याने तिसऱ्या गिअरसाठी पिस्टनच्या क्षेत्रफळाचा काही भागच वापरलाय. पूर्ण क्षेत्रफळ फक्त रिव्हर्सला मिळतं. म्हणजे तिसऱ्यात थोडी जरी गळती झाली तरी दाबायची ताकद अपुरी पडते, प्लेट किंचित घसरते, तापते आणि जळते.

जळलेला ड्रम हातात आला की पुढच्या गोष्टी तपासा. ड्रमच्या आतली बाजू, जिथे रिंग घासतात, तिथे नखाला चर लागतो का? लागत असेल तर नव्या रिंगही गळतील, ड्रम बदला. रिंगच्या खाचा रुंदावल्या असतील तर सपोर्ट बदला. पिस्टनची लिप सील वाकवून बघा. मऊ राहिली नसेल, चिरा पडत असतील, तर ती उष्णतेने भाजली आहेत आणि तुमचा खरा गुन्हेगार कूलर आहे. मी ड्रम खोलला की पहिल्यांदा सीलच वाकवून बघतो, कारण प्लेट नुसतं जळलं एवढंच सांगतात, का जळलं ते सील सांगतं.

ड्रममधली स्प्रिंगची सर्कलिप ताणाखाली असते. कॉम्प्रेसर लावूनच काढा. नवी लिप सील बसवताना ओठ तेलाच्या दाबाकडे वळलेला हवा. पांढरं व्हॅसलीन लावा, ते तेलात विरघळतं. चाकांचं ग्रीस वापरू नका, ते बारीक भोकांत जाऊन बसतं. सीलचा ओठ ड्रममध्ये जाताना उलटा दुमडतो, म्हणून पातळ फीलर गेजने कडेकडेने आत सारत पिस्टन हलका फिरवत बसवा. जोर लागतोय असं वाटलं तर बाहेर काढा आणि पुन्हा सुरू करा.

नव्या फ्रिक्शन प्लेट निदान तासभर ताज्या तेलात बुडवून ठेवा. स्टील प्लेट निळ्या पडलेल्या किंवा वाकलेल्या असतील तर परत वापरू नका. नागमोडी प्लेट असेल तर ती निघाली त्याच जागी. सर्कलिप बसल्यावर मोकळीक मोजा: प्रत्येक फ्रिक्शन प्लेटमागे साधारण ०.०१० इंच धरतात. मग ड्रम सेंटर सपोर्टवर बसवून तेलाच्या भोकातून ३०-४० पीएसआय हवा सोडा. पिस्टन ठाशीव 'ठप्प' करून बसला पाहिजे आणि हवा सोडेपर्यंत बसून राहिला पाहिजे. सतत फुस्स होत असेल तर गळती आहे. ती इथेच शोधा, कारण यापुढे ती दिसणार नाही.

दुरुस्तीच्या संचाबरोबर काही जण पूर्ण क्षेत्रफळ तिसऱ्याला देणारा बदल सुचवतात. ताकद नक्की वाढते, पण केसमधली एक वाट बंद करावी लागते आणि तिसरा धक्क्याने पडतो. जड मोटरहोमच्या प्रोपेलर शाफ्टला आणि आतल्या कपाटांना तो धक्का रोज सोसवत नाही. मी चांगल्या सीलवर आणि चांगल्या कूलरवर विश्वास ठेवतो.

बाकीची जोडणी

फॉरवर्ड आणि इंटरमीडिएट क्लचला हेच नियम. स्प्रॅगची दिशा मात्र हाताने फिरवून तपासा. बाहेरची कडी धरून ठेवली की ड्रम इंजिन फिरतं त्या दिशेने मोकळा फिरला पाहिजे आणि उलट दिशेने अडकला पाहिजे. उलटा बसला तर दुसरा गिअर धरणार नाही आणि तिसरा जाम होईल.

पंपाचे गिअर ज्या बाजूने होते त्याच बाजूने परत. खोबणीत ओरखडे खोल असतील तर पंप बदला. दोन अर्धे घट्ट करण्याआधी बाहेरून मोठ्या क्लॅम्पने एका रेषेत आणा, नाहीतर केसमध्ये जाताना अडकतो. बुश आणि पुढचं सील नवंच.

घट्ट करण्याचे आकडे फूट-पाउंडमध्ये: पंप १८, सेंटर सपोर्टचा बोल्ट २३, व्हॉल्व्ह बॉडी ८, पॅन १२. केस ॲल्युमिनियमची आहे, आटे लगेच जातात, म्हणून टॉर्क रेंचशिवाय हात लावू नका. पंप बसल्यावर शाफ्ट हाताने फिरतो का बघा आणि खेळ पुन्हा मोजा.

काम चाललंय तिथे लोकरी किंवा धागे सुटणारी चिंधी नको. व्हॉल्व्ह बॉडीतला प्रत्येक व्हॉल्व्ह स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे. त्याला एक धागा पुरतो अडकायला.

कन्व्हर्टर आणि कूलर

जळलेल्या गिअरबॉक्सचा कन्व्हर्टर आतून धुता येत नाही. पुन्हा बांधलेला (रिबिल्ट) बदली कन्व्हर्टर घ्या. त्यात थोडं तेल ओतून शाफ्टवर चढवा आणि फिरवत दाबा: टर्बाइन, स्टेटर, पंप असे तीन टप्पे हाताला जाणवतात. गाडीखाली बेल हाउसिंग इंजिनाला पूर्ण टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत ३ ते ५ मिलिमीटर पुढे यायला हवा. फिरत नसेल तर बोल्ट आवळून ओढून घेऊ नका. तसं केलंत तर नवाकोरा पंप इंजिन सुरू व्हायच्या आत फुटेल. मागे घ्या, कन्व्हर्टर पुन्हा बसवा.

जुन्या कूलरमध्ये जळक्या अस्तराचा गाळ असतो. नळ्या धुऊन घ्या. बाहेरचा कूलर नवा घाला, मोठ्यात मोठा, आणि पॅनमध्ये तापमानाचा सेन्सर बसवा. लॉकअप नसल्यामुळे चढावर कन्व्हर्टर घसरत राहतो आणि ती सगळी ऊर्जा तेलात उतरते. लास वेगासच्या वाटेवर बेकर गावापाशी १३४ फुटी थर्मामीटर उभा आहे, डेथ व्हॅलीत १९१३ मध्ये नोंदलेल्या १३४ अंश फॅरेनहाइटची आठवण म्हणून. त्या गावातून निघाल्यावर लगेच लांबलचक चढ लागतो. अशा रस्त्यावर गेज नसलेलं मोटरहोम नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तेल आणि पहिली फेरी

कोरड्या गिअरबॉक्सला कन्व्हर्टरसकट सुमारे ११ क्वार्ट (क्वार्ट म्हणजे जेमतेम लिटर) डेक्सरॉन तेल लागतं. सुरू करण्याआधी चार-पाच क्वार्ट ओता, सुरू होताच कुणाला तरी ओतत राहायला सांगा, कारण कन्व्हर्टर भराभर तेल ओढतो. ब्रेक दाबून सगळ्या गिअरमधून लिव्हर सावकाश फिरवा. कूलरची परतीची नळी डब्यात सोडून बघा: आयडलला वीस-तीस सेकंदांत क्वार्टभर तेल आलं पाहिजे. धार बारीक असेल तर कूलर अजून तुंबलेला आहे, गाडी हलवू नका. शेवटची पातळी तेल गरम असताना, सपाट जागी, इंजिन चालू ठेवूनच बघा.

पहिली फेरी मोकळ्या रस्त्यावर, हलक्या पायाने. तिन्ही गिअर ठरलेल्या वेळी पडतात का, तिसऱ्यात इंजिनाचा आवाज गाडीच्या वेगाआधी चढतो का, हे ऐका. परत आल्यावर खाली पुठ्ठा घालून गळती बघा. पॅनमधलं तेल ८०-९० अंश सेल्सियसला असेल तर छान. ११० दिसले की वेग कमी करा. १२० ओलांडले तर थांबा आणि न्यूट्रलमध्ये इंजिन थोडं रेस ठेवून तेल कूलरमधून फिरू द्या. लांब चढावर तिसऱ्यात रेटत बसू नका. वेग बेताचा ठेवून स्वतःच दुसऱ्यात घ्या: इंजिनाचे फेरे वाढतात, कन्व्हर्टर कमी घसरतो, पंप जास्त तेल फिरवतो.

पाचशे मैलांनंतर पॅन पुन्हा उतरवा. सुरुवातीची थोडी करडी पेस्ट दिसेल, ती पुसा, फिल्टर बदला, ताजं तेल घाला. पुन्हा काळे पापुद्रे दिसले तर गाडी प्रवासाला काढू नका. गेज लावून दाब मोजा आणि कुठला क्लच सुटतोय ते आधीसारखंच गिअरवरून वाचा.